जुन्या गाडीत नवे इंजिन : सरसकट बंदी नको, काटेकोर तपासणी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्णकर्कश सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आणि छायाचित्रे आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि ती पाहून सर्वसामान्य वाचकाला जे समाधान वाटते, ते मलाही वाटते. रात्री अकरानंतर आमच्या गल्लीतून फटाके फोडत जाणाऱ्या दुचाकींबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. मात्र अशा बातम्यांत आणि त्यांवर येणाऱ्या पत्रांत 'मॉडिफिकेशन' या एकाच शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात, की त्यातली एक गोष्ट विनाकारण बदनाम होते असे माझे मत आहे. ती गोष्ट म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कारमधले थकलेले इंजिन उतरवून त्या जागी त्याच कंपनीचे, त्याच घराण्यातले, पण पुढच्या पिढीचे इंजिन बसवणे. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका वाहन कारखान्याच्या इंजिन चाचणी विभागात माझी तीन दशकांहून अधिक नोकरी झाली, त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो.

गेल्या वर्षी मुलीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे काही महिने मुक्काम होता. जावयांकडे १९९२ सालची माझदा मियाटा ही दोन आसनी उघडी गाडी आहे. माझदा म्हटले की आपल्याकडे अजूनही शाळेची पोरे कोंबून नेणारी स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांसमोर येते. पण जगात या कंपनीची खरी ओळख या छोट्या गाडीने करून दिली. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि २०१६ पर्यंत तिच्या निरनिराळ्या पिढ्या मिळून दहा लाख गाड्या तयार झाल्या. पहिल्या पिढीच्या गाडीचे वजन एक टनाच्या आतले, इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना आणि शक्ती बेताचीच, म्हणजे १५९७ सीसीच्या इंजिनातून अमेरिकी मोजणीनुसार ११६ अश्वशक्ती. या गाडीची गंमत वेगात नाही, वळणावर आहे, हे मला स्वतः चालवल्यावर पटले.

जावयांच्या गाडीचे इंजिन मात्र थकले होते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरले होते, सकाळी सुरू करताना निळसर धूर येत होता आणि तेल खाण्याचे प्रमाण इतके वाढले होते, की डिकीत तेलाचा डबा कायमचा मुक्कामाला होता. आपल्याकडे अशा वेळी इंजिन काम काढतात, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. तिकडे कारागिराची मजुरी एवढी महाग आहे, की त्यापेक्षा मागून ठोकर बसलेली १९९९ सालची दुसऱ्या पिढीची मियाटा सबंध विकत घेऊन तिचे इंजिन काढणे स्वस्त पडले. ते इंजिन १८३९ सीसीचे आणि १४० अश्वशक्तीचे. कंपनीने १९९४ च्या मॉडेलपासून पहिल्याच पिढीत १८०० सीसीचे इंजिन घालायला सुरुवात केली होती आणि १९९९ चे इंजिन हे त्याचेच सुधारलेले भावंड होते, त्यामुळे इंजिन त्याच माउंटिंगवर बसते, जुना गिअरबॉक्स त्याला जुळतो आणि बॉडीला कुठेही कापाकापी करावी लागत नाही.

इथपर्यंत ऐकले की काम सोपे वाटते. मलाही वाटले होते. इंजिन उतरवून दुसरे चढवायला शनिवार आणि रविवार पुरले. पुढचे सात आठवडे वायरिंग, सेन्सर आणि धूर नियंत्रणाच्या यंत्रणेने खाल्ले. जुन्या १६०० सीसीच्या इंजिनात हवा मोजायला दारासारखी उघडणारी झडप असते, तर १९९९ च्या इंजिनात तप्त तारेचा सेन्सर असतो. जुन्या इंजिनात क्रँक आणि कॅम या फिरत्या दांड्यांची जागा सांगणारा एकच सेन्सर हेडच्या मागच्या बाजूला बसतो, नव्यात त्यासाठी दोन स्वतंत्र सेन्सर पुढच्या बाजूला आहेत. जुन्यात जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते, नव्यात परतीची नळीच नाही, दाबाचे नियंत्रण टाकीतच होते. याचा अर्थ जुना ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक, नव्या इंजिनाची भाषा समजू शकत नाही आणि नवा ईसीयू त्याच्या सगळ्या सेन्सरांशिवाय शुद्धीवर येत नाही. म्हणून इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू, त्याची सबंध वायरिंग, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या आधी आणि नंतर बसणारे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर आणि पेट्रोलच्या वाफा शोषून घेणारा कोळशाचा डबा हे सगळे बिऱ्हाड हलवावे लागले. इंजिन बदलणे म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा बदलणे, ही माझी समजूत तीस वर्षे इंजिनांत हात घालूनही किती अपुरी होती, हे त्या गॅरेजमध्ये मला कळले.

शक्ती वाढली की तिच्यामागून येणाऱ्या गोष्टीही बदलाव्या लागतात. १६०० सीसीच्या गाडीची क्लच प्लेट २०० मिलिमीटरची, १८०० ची २१५ मिलिमीटरची. म्हणून क्लच आणि फ्लायव्हील नव्या इंजिनाचेच घेतले. १६०० च्या गाडीचा मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा डिफरन्शियल नाजूक म्हणून प्रसिद्ध आहे, तोही १८०० च्या गाडीचा बसवला. पुढच्या ब्रेक डिस्क २३५ मिलिमीटरच्या होत्या, त्या जागी २५५ च्या आल्या. जावयांना सुरुवातीला ब्रेकवरचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलायचा होता. मी सासरेपणाचा पूर्ण उपयोग करून तो बेत हाणून पाडला. पळण्याची ताकद आधी आणि थांबण्याची नंतर, असा क्रम कोणत्याही गाडीत चालत नाही.

आता या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गाडी चालू झाली, उत्तम पळू लागली, तरी ती कायदेशीर झाली नव्हती. कॅलिफोर्निया हे धुराच्या बाबतीत अमेरिकेतले सर्वांत कडक राज्य मानले जाते. तिथे १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्या सोडल्या तर बहुतेक जुन्या गाड्यांची दर दोन वर्षांनी धूर तपासणी होते. अशा राज्यात इंजिन बदलायला बंदीच असेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात बंदी नाही, अटी आहेत. बसवलेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्यानंतरचे असले पाहिजे, त्याहून जुने चालत नाही. ट्रकचे इंजिन मोटारीत घालून चालत नाही, कारण त्यांचे निकष निराळे असतात. नव्या इंजिनाबरोबर त्याची धूर नियंत्रणाची सर्व यंत्रणा आली पाहिजे आणि ती चालू स्थितीत असली पाहिजे. हे सर्व पाहण्यासाठी 'रेफरी' नावाची स्वतंत्र व्यवस्था आहे. नेहमीच्या तपासणी केंद्राला अशी गाडी पास करण्याचा अधिकार नाही. ती रेफरीकडेच न्यावी लागते आणि या रेफरींची बरीच केंद्रे तिथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये, म्हणजे साधारण आपल्या तंत्रनिकेतनांसारख्या संस्थांमध्ये आहेत.

आम्ही गेलो त्या केंद्रातल्या तंत्रज्ञाने बॉनेट उघडून एकेक नळी आणि एकेक वायर मूळ आकृतीशी ताडून पाहिली. इंजिन कोणत्या वर्षाच्या, कोणत्या गाडीतले याचे पुरावे मागितले, निदानयंत्र जोडून ईसीयूच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाही हे बघितले आणि धूरही तपासला. पहिल्या फेरीत त्याने आम्हाला परत पाठवले, कारण कोळशाच्या डब्याकडे जाणारी एक नळी आम्ही चुकीच्या जागी जोडली होती. दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली आणि तिच्यावर एक लेबल चिकटले, ज्यावरून पुढच्या कोणत्याही तपासणी केंद्राला कळावे, की या १९९२ च्या गाडीत १९९९ चे इंजिन आहे आणि तिला आता त्याच इंजिनाच्या मापाने मोजायचे आहे. माणूस अतिशय खडूस होता, पण जे पाहायला हवे नेमके तेच पाहत होता. नोकरीत मी असे परीक्षक फार थोडे पाहिले.

या व्यवस्थेतला शहाणपणा असा, की ती मालकाच्या हौसेला सार्वजनिक हिताच्या दावणीला बांधते. तुम्हाला अधिक चांगले इंजिन हवे आहे ना, मग अधिक कडक निकषही तुमचेच. गाडीचे वय वाढते तशी ती अधिक धूर ओकते, हा सामान्य नियम आहे. इथे तीस वर्षांची गाडी पूर्वीपेक्षा स्वच्छ होऊन बाहेर पडते.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. जुने इंजिन निकामी झाले तर त्याच प्रकारचे दुसरे बसवून आरसी बुकात क्रमांक बदलून घेता येतो, पण आरसीवर घनक्षमताही नोंदलेली असते, त्यामुळे १६०० च्या जागी १८०० आले की ती गाडी सरळ विसंगतीच्या रकान्यात जाते. मग ते इंजिन कितीही स्वच्छ असो, ब्रेक कितीही मोठे बसवलेले असोत.

न्यायालयाच्या निकालाला माझा आक्षेप नाही. ज्या देशात मालवाहू टेंपोच्या चासीवर गावठी सांगाडा ठोकून त्यात वऱ्हाड बसवले जाते, तिथे मूळ रचनेशी खेळू नका हे कोणीतरी मोठ्या आवाजात सांगायलाच हवे होते. माझा आक्षेप नियमातल्या विसंगतीला आहे. याच कलम ५२ च्या परंतुकाने सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांवर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त किट बसवून इंजिनात फेरफार करायला वाट दिली आहे. इतकेच काय, पेट्रोलचे इंजिन पूर्ण काढून टाकून विजेवर चालणारी मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या असतील तर त्यासाठीही एआयएस-१२३ हे मानक तयार आहे आणि अशा किटची तपासणी करून मान्यता देण्याचे काम आमच्या वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, करते. गाडीचे वजन, वजनाची पुढे-मागे विभागणी, ऊर्जेचा स्रोत, आगीचा धोका हे सगळे बदलले तरी तपासणीनंतर ते मान्य होऊ शकते. पण त्याच कंपनीचे, त्याच माउंटिंगवर बसणारे, कमी धूर करणारे इंजिन मात्र तपासायचेही नाही. यामागचा तर्क मला अजून कोणी समजावून सांगितलेला नाही. एका परिवहन कार्यालयात मी याविषयी विचारले तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी "काका, नवी गाडी घ्या ना" असा सल्ला दिला, तो सद्भावनेने दिला असे मी समजतो.

जुन्या सांगाड्यात नवे इंजिन ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये आणलेली वन वन एट एनई ही मोटार आठवा. सांगाडा १९६६ सालच्या फियाट १२४ चा आणि इंजिन निसानचे, ११७१ सीसीचे. १९९२ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आणि पाच गतींचा गिअरबॉक्स घातला. त्या गाडीची बॉडी तेव्हा पस्तीस वर्षांची होती. पद्मिनीनंतर वन वन एट एनई चालवणाऱ्याला जे हायसे वाटले, ते ज्यांनी अनुभवले त्यांनाच ठाऊक. कारखान्याने केले म्हणून ते सुरक्षित ठरले, यात तथ्य आहे, कारण कारखान्याला मान्यतेच्या चाचण्यांतून जावे लागते. पण मग मुद्दा कोण करतो हा नसून चाचणी होते की नाही हा ठरतो.

काही प्रामाणिक शंका आहेत आणि त्या मला मान्यही आहेत. पहिली चोरीची. इंजिन क्रमांक ही आपल्याकडे गाडीची अर्धी ओळख आहे, आणि इंजिने मोकळेपणाने बदलू लागली तर चोरबाजारातल्या मालाला पाय फुटतील. याला उत्तर एकच, की ज्या गाडीतून इंजिन काढले त्या दाता गाडीचे आरसी, तिची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि खरेदीची पावती हे तिन्ही असल्याशिवाय अर्जच घेऊ नये. अधिकृत भंगार केंद्रांची व्यवस्था आता उभी राहत असल्याने ही कागदपत्रे मिळणे पूर्वीइतके अवघड नाही. दुसरी विम्याची. तृतीय पक्ष विम्याचे हप्ते १००० आणि १५०० सीसीच्या टप्प्यांवर ठरतात, त्यामुळे घनक्षमतेची नोंद बदलली की हप्ताही बदललाच पाहिजे. आज जे लोक गुपचूप इंजिन बदलून फिरतात, आणि फिरतात हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे, त्यांच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल आणि भरपाईसाठी फरफट होईल ती धडक बसलेल्या पादचाऱ्याची. बंदीमुळे ही इंजिने बसायची थांबलेली नाहीत, फक्त तपासली जायची थांबली आहेत. पीयूसी केंद्रावर उभ्या गाडीच्या नळकांड्यात दांडी घालून जे मोजले जाते, त्यातून कन्व्हर्टर काढून टाकलेले इंजिन दरवेळी सापडेलच याची खात्री मी माझ्या अनुभवावरून देणार नाही.

तिसरी शंका जुन्या गाड्यांच्या जाणकारांची, आणि तिच्याशी मी जवळपास सहमत आहे. केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यात मूळपणालाच महत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. अशा गाडीत आजचे इंजिन घालणे म्हणजे जुन्या वाड्याचे सागवानी खांब काढून सिमेंटचे भरणे. मी बोलतो आहे ते वीस ते पस्तीस वर्षांच्या, अजून वारसा न झालेल्या आणि सुटे भाग न मिळणाऱ्या गाड्यांबद्दल. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी छोटी गाडी घ्या. फायबरची बॉडी आणि रेनोचे ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन. भारतात स्पोर्ट्स कार करू पाहणारा तो एक धाडसी प्रयत्न होता आणि गाड्या फार थोड्या बनल्या. रेनोने पुढे याच घनक्षमतेचे, त्याच घराण्यातले सोळा झडपांचे इंजिन काढले. ज्याच्याकडे अशी गाडी असेल आणि मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला असेल, त्याने ती भंगारात घालावी की हे भावंड इंजिन बसवावे, या प्रश्नाचे उत्तर आजचा नियम विचार न करताच देतो.

माझी सूचना मर्यादित आहे. परिवहन खात्याने केंद्राकडे असा प्रस्ताव पाठवावा, की खासगी मोटारीत त्याच निर्मात्याचे, गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे इंजिन त्याच्या संपूर्ण धूर नियंत्रण यंत्रणेसह बसवायचे असेल, तर एकेका गाडीच्या स्वतंत्र तपासणीनंतर परवानगी मिळावी. शक्तीतील वाढीला मर्यादा असावी. मूळ शक्तीच्या सव्वापटीवर मी ती ठेवीन, कारण त्यापुढे बॉडी आणि सस्पेन्शनचा हिशेब बदलतो. ब्रेक त्या इंजिनाबरोबर कारखान्यातून आलेल्या गाडीच्या तोडीचे असावेत. तपासणी आरटीओच्या पासिंगच्या रांगेत होऊ नये, तिथल्या निरीक्षकांकडे त्यासाठी वेळही नाही आणि साधनेही नाहीत. एआरएआयच्या देखरेखीखाली पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय अशा अभियांत्रिकी शिक्षण संस्थांच्या प्रयोगशाळांना हे काम देता येईल. विद्यार्थ्यांना खऱ्या गाड्यांवर शिकायला मिळेल तो फायदा वेगळा. खर्च सगळा मालकाचा. हौस त्याची आहे, सरकारी तिजोरीची नाही. आणि तपासणीनंतर आरसीवर नवा इंजिन क्रमांक, नवी घनक्षमता आणि ती गाडी यापुढे कोणत्या उत्सर्जन मानकाने मोजली जाईल ते मानक, या तिन्ही गोष्टी चढवल्या जाव्यात. यातली तिसरी नोंद सध्याच्या नमुन्यात मूळ गाडीच्या वर्षाशी बांधलेली असते, ती इंजिनाच्या वर्षाशी बांधण्यासाठी नियमात दुरुस्ती लागेल. बाकीच्या दोन नोंदींचे रकाने आजही आरसीवर आहेतच.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता,
कोथरूड, पुणे